नवरदेवाची गाडी

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून एक तरुण आमची गाडी बघायला आला. कंपन्यांनी एखाद्या निमित्ताने मोजक्याच काढलेल्या जुन्या गाड्या, ज्यांना स्पेशल एडिशन म्हणतात, त्या तो गावोगाव शोधत फिरतो आणि त्यांच्यावर लिहितो. मुलगा बोलायला चांगला होता. जठारपेठेतल्या आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्याने ताडपत्री स्वतः बाजूला केली, गाडीभोवती सावकाश फिरला, दाराच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. आतली पितळी पट्टी दिसली तेव्हा तो देवळात आल्यासारखा गप्प झाला. मग मला म्हणाला, "काका, या गाडीच्या काही सुंदर आठवणी सांगा ना. लग्नाबिग्नाच्या."

मी त्याला सांगितलं की आठवणी नाहीत, गाडी विकायची नाही आणि त्याने आता निघावं. वहिनीने त्याला बसवून चहा दिला आणि माझ्या वतीने दोन शब्द सांभाळून बोलली. तो गेल्यावर तिने मला विचारलं, त्या पोराचं काय चुकलं होतं? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. राग त्याचा नव्हताच. ज्यांचा होता त्यांच्यापर्यंत तो कधी पोचला नाही, म्हणून जो समोर आला त्याच्यावर निघाला. त्या मुलाला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो.

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबनीस होता. जिनिंग बंद पडली तेव्हा जे काही हातात आलं त्यातून त्याने सगळ्यांचा सल्ला धुडकावून ही गाडी घेतली. तीही नवी नव्हे, नागपूरच्या एका डॉक्टरांनी वापरलेली. या गाडीचा साधा प्रकार तेव्हा रस्त्यावर कुठेही दिसायचा, सरकारी कचेऱ्यांसमोर तर रांगेने उभा असायचा. ही मात्र वेगळी होती. कंपनीने आपल्या वर्धापनदिनाला अशा थोड्याच काढल्या होत्या. वरचा भाग सायीच्या रंगाचा, खालचा मरून, दोन्हींच्या मधून सोनेरी रेघ. आत मरून मखमल, समोर खऱ्या लाकडाची पट्टी, मागच्या काचांना पडदे. समोरच्या छोट्या खणावर पितळेची एक पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत 'स्पेशल एडिशन' असं कोरलेलं, खाली गाडीचा क्रमांक. दादा ती पट्टी चिंचेने घासून लख्ख ठेवायचा. गाडीत खायचं नाही, सीटवर पाय घ्यायचे नाहीत, चालवायला कोणाच्या हातात द्यायची नाही, असे त्याचे नियम होते.

त्याचा विचार सरळ होता. नवरदेवाला रोजची गाडी नको असते. आणि तो खरा ठरला. तुळशीचं लग्न लागलं आणि कापूस विकून लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला की आमच्याकडे माणसं यायला लागत. बार्शीटाकळीचे, मूर्तिजापूरचे, दर्यापूरचे. मुहूर्त ठरायच्या आधी लोक 'स्पेशल' मोकळी आहे का ते विचारून जात. चालवायचो मी. बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, तेव्हा हे काम बरं वाटलं. शेजारचे फुलवाले चाचा गाडी सजवायचे. निशिगंध, झेंडू, पुढे दोन मोठे गुच्छ आणि मागच्या काचेवर थर्माकोलच्या अक्षरांत दोन नावं. नवरदेव हिंदू असो की मुसलमान, चाचांची सजावट तीच, काचेवरची लिपी तेवढी बदलायची.

त्यातलं एक लग्न सांगतो. मूर्तिजापूरहून छोट्या लायनीची रेल्वे जायची, तिला आम्ही शकुंतला म्हणायचो. तिच्या कडेच्या एका गावचा नवरदेव होता. गावाचं नाव लिहीत नाही. गाडी ठरवायला त्याच्या घरचं कोणी आलं नव्हतं. त्याच्यासोबत व्हॉलीबॉल खेळणारी पोरं आली होती, मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून. आपसात वर्गणी केली होती. ते चुरगळलेले पैसे त्यांनी दादासमोर ठेवले आणि सांगितलं की आमच्या कॅप्टनचं लग्न आहे, त्याला काही माहीत नाही, गाडी सकाळी सरळ दारात उभी करायची. दादाला हे इतकं आवडलं की फुलांचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून चाचांना दिले.

मी गाडी दारात लावली तेव्हा नवरदेव हळदीच्या अंगाने बनियनवर बाहेर आला. गाडी बघून त्याला वाटलं, कोणी मोठा पाहुणा आला. पोरं हसायला लागली तेव्हा त्याला कळलं. त्याचे वडील घाबरले होते. त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन विचारलं की भाडं कोण देणार. पोरांनी दिलं म्हणून सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आधी पोरांना विचारलं, मग पुन्हा मला. मग उपरण्याने तोंड पुसत आत गेले.

नवरदेव मागे बसतात. हा पुढे माझ्या शेजारी बसला. जाताना सगळ्या रस्त्याने त्याचं गाडीबद्दल विचारणं चालू. हे लाकूड खरं आहे की रंगवलेलं, ही पट्टी कंपनीनेच लावली का, अशा गाड्या आणखी कुठे कुठे असतील. परत येताना मागे नवरी आणि करवली. छोट्या लायनीच्या फाटकाशी आम्ही थांबलो. तिथे फाटकवाला नसायचा. रेल्वे फाटकाआधी उभी राहायची, तिच्यातला माणूस उतरून फाटक लावायचा, रेल्वे पुढे जाऊन पुन्हा उभी राहायची, मग तो फाटक उघडून पळत जाऊन डब्यात चढायचा. हा सगळा सोहळा होईपर्यंत नवरदेव मला म्हणाला, "भाऊ, पुढे सडक मोकळी आहे. जराशी मले चालवू द्या."

मागून नवरी म्हणाली, "मले आधी उतरू द्या, मंग चालवा."

आम्ही सगळेच हसलो. मी जागा सोडली. तो ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे गाडी त्याने सांभाळली. मुंडावळ्या कानामागे अडकवून, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, गावाच्या वेशीपर्यंत अगदी हळू चालवली. वेशीवर पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसला. दोस्तांनी ठरवलेली गाडी आणि तेवढी मोकळी सडक, यापलीकडे त्या लग्नात त्याने काही हौस केली नव्हती. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढे तेच खोटं ठरवलं गेलं.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, पेरलेलं उगवत नाही, उगवलेलं टिकत नाही. आमच्या धंद्याला ते असं कळलं की ठरलेल्या गाड्या रद्द व्हायला लागल्या. लग्न पुढे ढकललं, एवढाच निरोप यायचा. मग सामुदायिक लग्नं सुरू झाली, एका मांडवात रांगेने नवरदेव बसवलेले. तिथे आमच्या गाडीचं काही काम नव्हतं. ती शेडमध्ये उभी राहिली. दादा सकाळी तिला चालू करायचा, इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहायचा आणि बंद करायचा.

आणि मग पाहुणे यायला लागले. मुंबईचे, दिल्लीचे, कुठले कुठले. समित्या, अभ्यासगट, पुढारी, टीव्हीवाले. अकोल्या-अमरावतीची चांगली हॉटेलं भरून गेली. ज्या घरात माणूस गेला त्या घरी जायचं, बसायचं, विचारायचं आणि दुसऱ्या घराकडे निघायचं. एवढ्या लोकांना गाड्या पुरेनात. तालुक्याच्या कचेरीतून आमच्याकडे माणूस आला. त्याला आमची गाडी पसंत पडली, कारण तिला पडदे होते आणि दादाने मधल्या काळात एसी बसवून घेतला होता. दादा खूश झाला. गाडी उभी राहून खराब होण्यापेक्षा चालती राहील, म्हणाला.

चालवणारा मी होतो, त्यामुळे बघणाराही मीच. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी घरासमोरचं अंगण सारवून घेतलेलं असायचं. बाईला भिंतीवरच्या फोटोखाली बसवलेलं असायचं, फोटोला ताजा हार. ते हारही पुष्कळदा आमच्या चाचांकडूनच जायचे. चाचा ते बांधताना कोणाशी बोलायचे नाहीत. पाहुणे खाटेवर बसायचे, घरचं पाणी समोर आलं की त्याला हात न लावता सोबतची बाटली उघडायचे आणि विचारायला लागायचे. दारू प्यायचा का? घरात भांडण होतं का? बायकोशी पटत होतं का? पोरीच्या लग्नाचं टेन्शन होतं का? सगळे प्रश्न त्या घराच्या आतले. कापसाच्या भावाचा प्रश्न त्या घराबाहेरचा होता, तो मी तरी कोणाला विचारताना ऐकला नाही. परत येताना गाडीत एसी वाढवायला सांगायचे आणि जेवण कुठे बरं मिळतं ते मला विचारायचे. एक बाई टिपणं लिहिता लिहिता म्हणाल्या, आजची केस जरा थंड होती. केस हा शब्द आणि थंड हा शब्द, दोन्ही मला त्या दिवसापासून नकोसे झाले.

मी दादाला सांगितलं की मला हे काम करवत नाही. त्याला वाटलं, मी थकलो.

त्यानंतर काही दिवसांनी राजधानीतून एक मोठे गृहस्थ आले. मंत्री नव्हते, पण त्यांना घ्यायला मंत्र्यांची माणसं स्टेशनवर उभी होती. शेतीच्या प्रश्नावर बोलणारे म्हणून त्यांचं नाव होतं. बोलणं शुद्ध, आवाज मऊ. ते माझ्या गाडीत बसले, शेजारी नायब तहसीलदार, पुढे फोटोवाला. मागे एक जीप. नायब तहसीलदारांनी मला गावाचं नाव सांगितलं तेव्हा ओळखीचं वाटलं, पण ती सगळीच गावं माझ्या ओळखीची होती. छोट्या लायनीचं फाटक आलं, वेस आली, तरी मी स्वतःला सांगत होतो की गावात पुष्कळ घरं आहेत. जीपमधल्या तलाठ्याने ज्या दारासमोर हात केला, त्या दारात मी पूर्वी एकदा गाडी लावली होती.

कॅप्टन गेला होता. त्या वर्षांत जसे जात होते तसाच. मी ते लिहीत नाही.

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. चार-पाच वर्षांत बाई केवढी बदलली होती. मागे पदराला धरून एक लहान पोरगी. म्हातारा सासरा हात जोडून उभा. तिने पाहुण्यांना पाणी दिलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. आणि तेवढ्यात तिची नजर त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गाडीकडे गेली. तांब्या ओट्यावर ठेवून ती सरळ चालत गाडीपाशी आली. मागच्या दारावर हात ठेवला. मला ओळखून म्हणाली, "भाऊ, हे तं आमचीच गाडी होय."

मी मान हलवली.

पाहुण्यांनी विचारलं, काय म्हणतेय ही? तिने त्यांना सरळपणाने सांगितलं, "याच गाडीत आलती मी, लग्न होऊन."

त्या माणसाचा चेहरा उजळला. मी हे शब्द मोजून लिहितो आहे. एका विधवेच्या दारात उभं राहून, तिचं ते वाक्य ऐकून, त्याचा चेहरा उजळला. ते गाडीकडे वळले, आता पहिल्यांदा तिला नीट बघू लागले. सोनेरी रेघ, मखमल, पडदे. सकाळपासून ते त्याच मखमलीवर बसून आले होते. त्यांनी फोटोवाल्याला बोलावलं. मग नायब तहसीलदारांना म्हणाले, हे महत्त्वाचं आहे, हेच तर मी सांगतो, लग्नातली उधळपट्टी. कापसाच्या भावाच्या गोष्टी सगळे करतात, पण ही माणसं कर्ज काढून असल्या गाड्या करतात, त्याचं काय?

मी पुढे झालो. आवाज चढवला नाही. म्हणालो, "साहेब, गाडी माझी आहे म्हणून सांगतो. हे भाडं त्याच्या दोस्तांनी दिलं होतं, वर्गणी करून. घरच्यांना पैसा लागला नाही."

नायब तहसीलदारांनी माझं कोपर धरलं आणि ड्रायव्हरने मध्ये पडू नये असं हळूच सांगितलं. पाहुण्यांनी मात्र माझ्याकडे बघितलं आणि मऊ आवाजात उत्तर दिलं, "दोस्तांनी दिला म्हणजे शेवटी समाजाचाच पैसा ना?"

या वाक्याला मी आजही उत्तर शोधत असतो. भाजी घेताना, गाडी चालवताना, आंघोळ करताना. दर वेळी नवं उत्तर सापडतं.

फोटोवाल्याने तिला गाडीला टेकून उभं केलं. पदर डोक्यावरून आणखी पुढे घ्यायला सांगितला. कॅमेऱ्याकडे नको, खाली बघा, म्हणाला. पोरीच्या अंगावर नवा फ्रॉक होता, पाहुणे येणार म्हणून घातलेला. तो फोटोत बरा दिसणार नाही म्हणून पोरीला बाजूला काढलं. पोरगी रडायला लागली, तर आजोबांनी तिला उचलून आत नेलं. आई मात्र सांगितलं तसं उभी राहिली. तिला वाटलं, या फोटोने काही मदत लवकर मिळेल. तिला तसं वाटू दिलं गेलं.

मग त्या गृहस्थांनी जमलेल्या लोकांना उपदेश केला. साधी लग्नं करा, ऋण काढून सण नको, असलं सगळं. बोलताना त्यांचा एक हात माझ्या गाडीच्या टपावर होता. समोर व्हॉलीबॉलच्या चमूतली दोन-तीन पोरं उभी होती. त्यांची तोंडं मला अजून दिसतात. आपल्या दोस्ताला दिलेली भेट त्यांच्या डोळ्यांसमोर त्याचा गुन्हा म्हणून सांगितली जात होती.

उपदेश संपला. पाहुणे गाडीकडे आले. मी मागच्या दारासमोर उभा राहिलो. किल्ली माझ्या खिशात होती.

मी म्हणालो, "तुमी या गाडीत बसू नका."

त्यांना आधी समजलंच नाही. नायब तहसीलदार पुढे येऊन दात खाऊन बोलले, कचेरीचं काम आहे, परमिटचा विचार कर, तुझ्या भावाला बोलावू का. मी हललो नाही. मला भीती वाटत होती, पण हललो नाही. "नवरदेवाची गाडी आहे हे," एवढंच म्हणालो, "दुसरी बोलवा." शेवटी ते सगळे जीपमध्ये दाटीवाटीने बसले. पाहुण्यांनी जाताना माझ्याकडे हसून बघितलं. अडाणी माणसाकडे बघतात तसं.

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. जीप गेल्यावर ती ओट्यावरून खाली आली आणि माझ्यावरच चिडली. "तुमी कायले बोलले? तुमाले जाऊन घरी जेवायचं आहे. मले इथं राहायचं आहे. आता मदत नाई आली तं मी कोणाले विचारू?" तिचं खरं होतं. मी पुष्कळ वेळ कडुलिंबाखाली गाडीत बसून राहिलो, मग निघालो.

दादाने घरी मला फाडून खाल्लं. त्याच्या कानावर आधीच आलं होतं. गाडीचं काम गेलं, आता कचेरी सूड उगवेल, तुला अक्कल नाही. मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर फोटो. ती खाली बघत उभी, मागे आमची गाडी, सोनेरी रेघ स्पष्ट दिसते आहे. वर मथळा, 'लग्नाची हौस, संसाराची राख'. खाली लिहिलेलं की आलिशान गाडीतून वरात काढणाऱ्या कुटुंबावर ही वेळ आली.

दादाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्याने चष्मा काढून ठेवला आणि मला विचारलं, "थे पोरं आली होती नं वर्गणी घेऊन? त्यायच्या कॅप्टनचंच घर होय न हे?" मी हो म्हटलं. तो उठला, कपडे घातले आणि एसटीने अमरावतीला गेला. पेपरच्या कचेरीत त्याने दिवसभर बसून काढला. तिथे त्याला सांगण्यात आलं की लेखी द्या, बघू. त्याने लेखी दिलं. हिशेबनिसाचं सुंदर अक्षर होतं त्याचं. ते कधी छापून आलं नाही. त्या दिवसापासून त्याने गाडी भाड्याने देणं बंद केलं, कचेरीला नाही आणि नवरदेवालाही नाही. धंद्याला साधी जीप घेतली. परमिटच्या नावाने कचेरीने आम्हाला खेटे घालायला लावले. त्यावर दादाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

आणि तिचं काय झालं? कोणाचं मरण शेतीमुळे आणि कोणाचं दुसऱ्या कशामुळे, हे तेव्हा समिती ठरवायची. शेतीमुळे असेल तर घर पात्र, नाहीतर अपात्र. मेलेल्या माणसालाही पास-नापास करायची ही पद्धत ज्याच्या डोक्यातून निघाली असेल त्याला माझा नमस्कार. तिचं घर अपात्र ठरलं. कौटुंबिक कारण, लग्नाचा खर्च. फाइलला पुरावा म्हणून पेपरचं ते कात्रण लावलं होतं. ज्यांनी त्या गाडीवर एक पैसा घातला नव्हता त्यांना लग्नाचा खर्च भोवला, असं सरकारी शाईत लिहिलं गेलं.

व्हॉलीबॉलची सगळी पोरं कचेरीत गेली. मीही गेलो, दादाही. व्हरांड्यात उभे राहून एकेकाने जबाब दिला की गाडी आम्ही केली होती. दादाने सांगितलं की पैसे माझ्या हातात पडले, मला माहीत आहे कोणी दिले. साहेबांनी सगळ्यांचं लिहून घेतलं. निकाल बदलला नाही. अपील करा म्हणाले. केलं. उत्तर यायच्या आत म्हातारा सासरा गेला.

तिने वावर विकलं नाही. कापूस सोडून सोयाबीन आणि तूर घ्यायला लागली, स्वतः उभी राहून. कॅप्टनचे दोस्त पेरणीच्या वेळी जमतील तसे येत राहिले. काही वर्षांनी मला ती अकोल्याच्या बाजारात भेटली, फवारणी पंपाचा एक भाग बदलून घ्यायला आली होती. आम्ही चहा घेतला. पोरगी अमरावतीला शिकते म्हणाली, वसतिगृहात. मी तिला विचारलं, तुम्हाला त्या लोकांचा राग येत नाही का? ती म्हणाली की सकाळी उठल्यापासून कामं असतात, राग करत बसायला कोणाला वेळ आहे. मग म्हणाली, "पण तुमी सोडू नका." मला ते तिने मोठ्या भावाला काम सांगावं तसं वाटलं.

ते गृहस्थ पुढे आणखी मोठे झाले. शेती कशी वाचवायची या विषयावर त्यांचं अकोल्यात भाषण होतं. दादा मला न सांगता गेला, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथे काय झालं ते मला फुलवाल्या चाचांनी सांगितलं, ते व्यासपीठाची फुलं लावायला गेले होते. भाषण संपलं, प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा दादा उठला. जन्मात कधी चारचौघांत न बोललेला माणूस. त्याने आपलं नाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला, त्या घराबद्दल सांगितलं आणि म्हणाला की तुम्ही जे छापून आणलं ते खोटं होतं, आता सगळ्यांसमोर तेवढं कबूल करा. सभागृहात कुजबुज झाली. पाहुण्यांनी कोऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघितलं आणि मऊ आवाजात म्हटलं की वैयक्तिक प्रश्न नंतर भेटून बोलू. कार्यकर्त्यांनी दादाच्या हातून माईक घेतला, मग खांद्याला धरून त्याला बाहेर नेलं. दादा पायऱ्यांवर थांबून राहिला, नंतर भेटू म्हणाले म्हणून. पाहुणे मागच्या दाराने गेले.

तो घरी आला तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली होती. वहिनीने ताट वाढलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

दादाने भाकर मोडली. "काई नाई," म्हणाला, "त्याले गाडीच आठवली नाई."